वसमतमध्ये समुद्रगवत

२१ नोव्हेंबर

टाकी आली. तीन फुटी काच. नांदेडहून इथं वसमतपर्यंत टेम्पोत पोती अंथरून आणली — एक ओरखडा नाही! बैठकीतच ठेवली. दुसरी खोली बाला, माझ्या वडिलांना, दिली आहे.

कल्पना सूर्यकांत सरांची, आमच्या विभागप्रमुखांची. "मार्चमध्ये कॉलेज तपासायला समिती येतेय, राठोड मॅडम. तुमची पीएचडी समुद्रगवतावरची. समुद्राचा एक तुकडा करून दाखवा की!" कॉलेजात पाचनंतर वीज बंद करतात. म्हणून गवत घरी वाढवायचं, मग तिकडं न्यायचं. कायमची जागा निघतेय, असंही हळूच म्हणाले. पाच वर्षं तासिकेवर शिकवतेय. हे 'हळूच' तिसऱ्यांदा ऐकलं. तरी टाकी आणलीच.

बा बघत होता. काही विचारलं नाही. तो माझ्याशी बोलतच नाही. नवऱ्याचं, नेमसिंगचं, घर सोडून आले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून. आता अर्धांगवायूनं त्याचं डावं अंग गेलंय. देविदास आणि वहिनी ऊसतोडीला गेले कोल्हापूरकडं. तिथं कोपीवर, पाचटाच्या खोपटात, आजारी माणूस कसा ठेवणार? "उन्हाळ्यापर्यंत सांभाळ, बाई," म्हणाला माझा भाऊ. बा आला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. चहा हवा असला तरी भिंतीलाच सांगतो.

२४ नोव्हेंबर

वाळू धुतली. चौदा घमेली. कंबर राहिली नाही.

२ डिसेंबर

फिल्टरचं पाणी साठवायलाच तीन दिवस गेले. त्यात समुद्राचं मीठ — तयार पावडर मिळते — ढवळत बसले. खारेपणा पस्तीसवर आणायचा. मोजलं तर अडतीस. पाणी घातलं. बत्तीस. मीठ घातलं. सकाळी चार तास शिकवलेलं, दुपारी बाची आंघोळ, वर हे. संध्याकाळी एकदाचं पस्तीस! आनंद व्हायला हवा होता. झोप आली.

९ डिसेंबर

आज बोलला!

कॉलेजातून आले तर टाकीचं पाणी गढूळ. बा शेजारी बसलेला, मांडीवर स्वयंपाकघरातला मिठाचा डबा — रिकामा. मी ओरडले. नऊ वर्षांचं सगळं त्या डब्यावरून बाहेर आलं. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग भिंतीकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाला, "पाणी उतरलं व्हतं. मला वाटलं मीठ कमी पडलं."

"पाणी उडतं, बा. मीठ उडत नाही. साधं पाणी घालायचं असतं."

"मग सांगायचं न्हाई का? माणूस दिसभर बसून राहिलाय हितं."

खरंच. सांगायला हवं होतं. निम्मं पाणी काढून पुन्हा भरलं. हात गळून गेले. पण बोलला!

१० डिसेंबर

काचेवर चिकटपट्टी लावली. पाणी पट्टीच्या खाली गेलं की उजव्या हातानं तांब्यातलं साधं पाणी घालायचं. हे बाचं काम. "एवढंच?" म्हणाला. पण खुर्ची टाकीकडं वळवून घेतली.

२८ डिसेंबर

काच तपकिरी, वाळू तपकिरी, सगळंच तपकिरी. नव्या टाकीत असं होतं, काही आठवड्यांनी आपोआप जातं. मलाच ठाऊक आहे, मीच शिकवते. तरी बघवत नाही. शेजारच्या कमलबाई — मी कॉलेजात असते तेव्हा त्याच बाला वाढतात — म्हणाल्या, "मॅडम, एवढ्याशा चिखलापायी काहून जीव काढून राहिल्या?"

मी काच पुसायला घेतली.

१२ जानेवारी

गवत आलं! नितानं रत्नागिरीहून पाठवलं. पीएचडीची चार वर्षं आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. आता ती तिथल्या संस्थेत आहे, त्यांच्या टाक्यांत वाढवलेलं हे गवत. पहाटे नांदेडला जाऊन बसमधून पेटी उतरवून घेतली. घरी उघडली तर खाडीचा वास! किती दिवसांनी. पेटीवर वाकून तशीच बसले थोडा वेळ.

बाच्या मांडीवर परात ठेवली, त्यात खारं पाणी, पाण्यात गवत. तो कुजकी पानं खुडून एकेक कांडी हातात देत होता. मी ती वाळूत आडवी दाबत होते.

"समुद्रात उगवतं हे?"

"हो."

"खातं कोण?"

"कासवं. आणि एक मोठं जनावर असतं, समुद्रगाय."

हसला. "तिथं बी गाईच!" मग म्हणाला, "समुद्र म्हंजी सिद्धेश्वरच्या धरणाएवढा असंल?" त्या धरणाजवळच आमचा तांडा. मी म्हटलं, "धरणाचा पलीकडचा काठ दिसतो, बा. तिथं दिसत नाही." एक कांडी त्याच्या हातातच राहिली.

"माझा पणजोबा बैलांवर मीठ लादून आणायचा," शेवटी म्हणाला. "आपल्यात समुद्र त्यानंच पाह्यला म्हणत्यात. त्याच्यानंतर तू."

२ फेब्रुवारी

पानं गळताहेत. जागा बदलली की गळतात. मुळं जिवंत असली म्हणजे झालं. बा चिडलाय. "तुला येतं का न्हाई हे?"

मलाही तेच वाटायला लागलंय.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या तासाला कमलबाईंचा फोन. घाबरून उचलला. पलीकडं बा. "शिले, फुटलं."

"काय फुटलं? काच?"

"कोंब! तीन हायेत."

पोरांना पाच मिनिटं थांबा म्हणाले आणि बाहेर जिन्यावर बसून रडले. कोंबांमुळे रडले की नुसती दमले होते, कळलं नाही.

६ मार्च

ऊन चढलं. टाकी एकतीसवर. दुपारी दोन तास वीज नव्हती. बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडल्या, सायकलच्या पंपानं हवा दिली. वीज आल्यावर कूलर टाकीकडं फिरवला, आम्ही दोघं घामात. "आमाला सवय हाय," बा म्हणाला. "त्याला न्हाई."

१७ मार्च

टाकी कॉलेजात नेली. पाणी ड्रमात, गवत वाळूसकट घमेल्यांत. परत लावून होईपर्यंत दिवस गेला. पण गवत छान दिसतंय, दाट, हिरवंगार.

घरी बैठकीत चौकोनी ओली खूण. बा खुर्ची न हलवता तिथंच बघत होता.

२० मार्च

समिती आली. टाकीसमोर सात मिनिटं थांबली! एक बाई वाकून वाकून बघत होत्या. "हिंगोली जिल्ह्यात समुद्र!" फोटो निघाले. सूर्यकांत सर खूश.

मग चहाच्या वेळी सांगितलं, जागा भरली. पुष्कर नावाचा मुलगा जूनपासून येतोय. हुशार आहे, भेटलेय त्याला. त्याच्यावर रागवावं असं काही नाही, तीच अडचण. "तुमच्या तासिका आहेतच की," सर म्हणाले. "आणि टाकी तुम्हीच बघायची हं. त्याला यातलं काही येत नाही."

बरं म्हणाले. घरी आले. वरण-भात लावला.

२३ मार्च

निताचा फोन. रत्नागिरीत गवताची रोपवाटिका होतेय, थेट किनाऱ्यावर. तीन वर्षांचं काम. "सगळ्या टाक्या तुझ्याकडं. शुक्रवारपर्यंत हो म्हण."

स्वयंपाकघरात उभ्यानंच बोलले. "बा आहे, निता. नव्या गावात त्याला कुठं फरपटू? आणि तांड्यावर धाडायचं मन होत नाही. नऊ वर्षांनी आत्ता कुठं बोलतोय. नाही जमणार मला."

फोन ठेवला तोवर भाकरी करपली. बा ती करपलेलीच खाऊन उठला.

२५ मार्च

दमले.

२७ मार्च

सकाळी अचानक देविदास दारात. ऊस संपला, परवाच तांड्यावर आलेत म्हणे. मी चहा ठेवते तोवर बा खोलीतून बाहेर आला. पिशवी भरलेली! एका हातानं भरलेली, शर्ट नुसते कोंबलेले.

"बा, कुठं निघालास?"

माझ्याकडं बघितलं नाही. देविदासला म्हणाला, "मला हितं करमत न्हाई. सगळ्या घराला मिठाचा वास. घरी ने मला."

"राहा की अजून थोडे दिवस," मी म्हटलं. दोनदा म्हटलं. तो भिंतीकडं बघत उभा राहिला, पहिल्या दिवशीसारखा. टेम्पोत बसवताना मी त्याचा पाय उचलून आत ठेवला, तर म्हणाला, "सोड. जमतं मला."

दार लावून घेतलं. चार महिने. काय चुकलं माझं?

२८ मार्च

कमलबाई तांब्या परत द्यायला आल्या. मंगळवारी बानंच त्यांच्या फोनवरून देविदासला बोलावलं. "लवकर ये," म्हणाला, "पोरगी माझ्यापायी समुद्र सोडून राहिली. मी असेपर्यंत ती निघायची न्हाई."

निताला फोन केला. येते म्हणाले.