पडद्याआडच्या बाई

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेत बाईंची पेन्सिल टेबलावर वाजायची, ती टकटक आज सकाळपासून कानात आहे. कविता म्हणताना वृत्त चुकलं की पेन्सिल थांबायची आणि आख्खा वर्ग श्वास रोखून धरायचा.

बाई गेल्यावर केलेला त्यांचा पुतळा आठ महिने चौकात पांढऱ्या पडद्याखाली उभा आहे, कारण दोर कुणी ओढायचा यावरून दोन पुढाऱ्यांचं जमत नाही. तोवर पडदाच गाजतोय. एक म्हणतो, हे स्त्रीच्या मर्यादेचं प्रतीक. दुसरा म्हणतो, हा तिच्यावरचा अन्याय. एका प्राध्यापकांनी तर नुसत्या पडद्यावर दोन तास व्याख्यान झोडलं. मला तो धुक्यातल्या कवितेसारखा वाटायचा.

वाटायचा म्हणतो, कारण काल पुतळा समितीचा चिटणीस या नात्याने मी आत डोकावलो. ताई, आत तू आहेस!

शिल्पकाराला मी शाळेचा जुना फोटो दिला होता. खुर्च्यांवर बाई, शेजारी नुकतीच नोकरीला लागलेली तू. फोटो पालथा घालून मागे लिहिलं, 'डावीकडच्या बाई'. पालथ्या फोटोत डावं-उजवं उलटतं, हे डोक्यातच आलं नाही.

शेवटी तडजोड झाली, रविवारी दोन्ही पुढारी मिळून दोर ओढणार. बाईंचे यजमान पहिल्या रांगेत असतील. काय करू?

लोभ असावा, राग शिल्पकारावर काढावा.

धाकटा

६ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हसू की रडू कळेना. नाक तरी नीट काढलंय का रे माझं?

लहानपणापासून तुझं हेच. धुकं, चांदणं, पडदा. जे दिसत नाही तेवढंच सुंदर! आता एकदा पडदा बाजूला कर आणि खरं बोल. बाईंनी मला शिकवायला शिकवलं. त्यांची जागा बळकावून मी चौकात उभी राहणार नाही. रविवारच्या आत त्यांच्या यजमानांना सांग, नाहीतर माझी पायरी चढू नकोस.

माया करणारी आणि कान पिळणारी,

ताई

११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाही जमलं. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, दोनदा चपला न काढताच परतलो. मग भाषणातच सांगू म्हणून कबुली कागदावर उतरवून खिशात ठेवली. पडदा घसरला आणि टाळ्यांचा कडकडाट! जो तो म्हणे, हुबेहूब बाई! दोन्ही पुढाऱ्यांचे डोळे पाणावले. बाईंना दोघांनीही कधी पाहिलेलं नाही. यजमान तेवढे चष्मा पुसपुसून बघत होते. शेवटी काठी टेकत उठले, नमस्कार केला आणि निघून गेले. माझा कागद खिशातच राहिला. उद्या नक्की सांगतो.

जीव आटवू नकोस.

धाकटा

१४ जून

चि. धाकट्यास,
घाईत आशीर्वाद.

तू बाईंच्या घरी गेला असशील तर तिथे कुलूप दिसलं असेल. आज बेल वाजली. दूधवाला असेल म्हणून दार उघडलं, तर दारात बाईंचे यजमान! मला म्हणाले, 'पडदा पडताक्षणी तुला ओळखलं. हिला व्यासपीठाची धास्ती; सत्कार आला की तुलाच पुढे ढकलायची. यंदाही तिनेच ढकललं असणार.'

मग शिल्पकाराकडून आणलेला फोटो उलटा करून विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी अजून सांगितलेलं नाही. बाहेरच्या खोलीत बसलेत, आठवडाभर राहायचं म्हणतात. तू ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग.

ताई