आईच्या खोलीत आता एकवीस अंश

सेले, ११ फेब्रुवारी

गेझिनेताईस धाकट्या भावाचा नमस्कार. आणि एकार्डभाऊजींना त्यांच्या इंजिनिअरिंगच्या पदवीला शोभेल इतका खाली वाकून वेगळा.

नोंद असावी म्हणून आधीच लिहितो. या घरात मी कोणाकडे न शिकता, स्वतःच्या दोन हातांनी केलेल्या गोष्टी अशा: तळघराचा जिना (चौदा पायऱ्या, प्रत्येकीची उंची साडेसतरा सेंटिमीटर; भाऊजींना एका मिलिमीटरचाही फरक सापडला तर कळवावं), स्वयंपाकघराची फरशी, आईच्या खोलीची जमीन, बागेतलं टोमॅटोचं काचघर, आईचा पलंग, पक्ष्यांची सहा घरटी (पाचांत बिऱ्हाडं आहेत) आणि आईच्या खोलीत गरम पाण्याने ऊब देणाऱ्या रेडिएटरवरचं, गेल्या उन्हाळ्यात केलेलं ओकच्या लाकडाचं आवरण. रेडिएटर तेवढा मी केलेला नाही. तो कारखान्यात झाला, आणि या सगळ्यांत बिघडला तो तोच. यातून काय समजायचं ते समज.

तुझा गुडघा कसा आहे? (फोनवरच विचारलं असतं, पण तू "हं, बोल" असं म्हणतेस, की माणूस कशाला फोन केला तेच विसरतो.) इकडे तब्येती ठीक. तब्येती म्हणजे माझी एकट्याची. नऊ जानेवारीला तू आईला घोंगडीत गुंडाळून गाडीत घातलंस आणि फाटकात उभी राहून, शेजारच्या टीडेमानबाईंना ऐकू जाईल अशा बेताने, मला म्हणालीस, "हार्टविग, आई काय बटाटे आहे का, थंडीत ठेवली की टिकेल?" त्यानंतर या घरात तब्येत असलेलं दुसरं कोणी उरलेलं नाही. टीडेमानबाई अजूनही मला बघितलं की स्वेटरची बटणं लावतात.

मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, हे तुला कळावं म्हणून हे पत्र. माझ्याकडे वही आहे. ऑक्टोबरपासून रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजताचं आईच्या खोलीचं तापमान तीत आहे, दशांशासकट. (भाऊजी अशा गोष्टी संगणकात ठेवतात आणि मग संगणक बदलतात.) आधी मला हवा अडकल्याचा संशय आला. किल्ली लावून हवा काढली, वाटीभर काळं पाणी निघालं, रेडिएटर तापला. वहीत लिहिलं, "दुरुस्त." रात्रीच्या जेवणाला आई अंगात कोट घालून आली. मग संशय गेला तो थर्मोस्टॅटच्या आतल्या पिनेवर, ती अडकते असं ऐकून होतो. पक्कड लावून पंधरा वेळा आतबाहेर केली, तेलाचा एक थेंब सोडला (एकच, जास्त सोडणारे लोक मी पाहिले आहेत). तापला. "दुरुस्त." जेवणाला कोट. त्यानंतर खालचा व्हॉल्व्ह, मग पंप, मग पूर्ण थर्मोस्टॅटच नवा. दर वेळी मी गुडघे टेकून समोर बसलेला असताना तो रेडिएटर असा तापायचा की वर अंडं तळावं, आणि माझी पाठ फिरली की दोन तासांत थंडगार. वहीत "दुरुस्त" हा शब्द अकरा वेळा आहे.

नोव्हेंबरात मी खिडकीला दोष दिला. आई सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं खिडकी सताड उघडून खोलीला हवा देते. आपल्याकडे कोण देत नाही? पण मी घड्याळ घेऊन दाराशी उभा राहू लागलो आणि पाच मिनिटांनी "बास" म्हणू लागलो. आई म्हणाली, "तुझे बाबासुद्धा माझ्यावर घड्याळ लावून उभे नाही राहिले, आणि ते रेल्वेत होते." डिसेंबरात मी भाऊजींना दोष दिला, कारण ईस्टरला त्यांनी थर्मोस्टॅटला हात लावून "हं" असं म्हटलं होतं. तो दोष मी या पत्राने मागे घेतो. "हं"बद्दल मात्र अजून माझं मत बदललेलं नाही.

गेल्या मंगळवारी बॉयलरचा धूर मोजायला धुराडेवाली आली, धुराडी साफ करणारी. आधी यायचे ते म्हातारे धुराडेवाले निवृत्त झाले. आता लोमान नावाची सव्वीस वर्षांची मुलगी येते, काळ्या कपड्यांत, नाकावर काजळी. तिला कॉफी दिली आणि (विषय निघाला म्हणून; मी काढला नव्हता, वही आधीच टेबलावर होती) आईची खोली दाखवली, तिथे चौदा अंशांच्या वर जात नाही हे सांगितलं. तिने वही उघडलीसुद्धा नाही. आवरणाच्या जाळीतून आत बोट घातलं आणि विचारलं, "थर्मोस्टॅट याच्या आत आहे?"

आतच आहे, म्हटलं. बाहेर दिसला असता तर लाकडाची रेषा मोडली असती.

"मग त्याला बिचाऱ्याला काय कळणार बाहेर थंडी आहे ते? तो आपल्या कपाटात मजेत बसलाय. त्याला पंचवीस अंश झाले की तो म्हणतो झालं, आणि बंद होतो. तुमच्या आईला चौदा. दुरुस्ती करताना तुम्ही हे काढत असाल ना?"

अर्थातच.

"आणि मग तापतो?"

अकरा वेळा तापला.

"आणि मग तुम्ही हे परत लावता." ती एवढंच म्हणाली, आणि कॉफी ढवळत राहिली. साखर तिने घातलेली नव्हती.

ताई, यापुढचं लिहायला मला दोन दिवस लागले. डिसेंबरात ते आवरण मला दोनदा भिंतीपासून वीतभर पुढे सरकलेलं दिसलं होतं. मला वाटलं जमीन उताराला आहे. (ती नाही. मीच केली आहे.) म्हणून मी चार पितळी स्क्रू मारून ते भिंतीला पक्कं केलं. धुराडेवाली गेल्यावर स्क्रू काढले तेव्हा मागे आईचे लोकरी मोजे मिळाले, वाळून कडक झालेले. म्हणजे मी कामावर गेलो की ती ते जड धूड एकटीने ओढून पुढे घ्यायची, मोजे वाळवायची, पाय शेकायची आणि माझी गाडी वाजली की परत लोटायची. चौऱ्याऐंशीव्या वर्षी. तिला कारण ठाऊक होतं. एकदा ती म्हणालीही होती, "तुझं ते कपाट काढून ठेव की रे थोडे दिवस." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. तिला ओक आवडत नाही असं मला वाटलं होतं. स्क्रू मारल्यावर तिने तुला फोन केला.

आवरण आता तळघरात आहे. खोलीत एकवीस अंश, सलग पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. वहीची पानं सोबत जोडतो.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा भाऊ,
हार्टविग

ता.क. आईला विचार, परत यायचंय का. मी फोन केला की ती तिकडचं हवामान सांगते आणि फोन तुझ्या हातात देते. रविवारी मी गाडी घेऊन येईन. नको म्हणाली तर नुसते मोजे देऊन परत फिरेन, कॉफीलाही थांबणार नाही. मध्ये पडून माझी बाजू मांडू नकोस, मांडण्यासारखी नाही.

आणखी एक ता.क. ती तुला हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात, वहीचं पहिलं पानही भरलं नव्हतं तेव्हा, तिने नाश्त्याच्या टेबलावर माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं आणि म्हणाली, "हीटिंगवाल्याला बोलाव रे. माझ्या पेन्शनमधले आहेत, तुझे नाहीत." मी म्हटलं, माझ्या घरात परका माणूस हत्यारं घेऊन येणार नाही, आणि पाकीट तिच्या ताटलीकडे परत सरकवलं. हीटिंगवाल्याच्या एका फेरीचे होते ते, तिने फोन करून आधीच विचारून ठेवलेले: पंच्याऐंशी युरो.