गुरुवारच्या पाच खुणा

प्रिय सेलिनताई,

आज शबानाची फाईल माझ्या टेबलावर आली, म्हणून लिहायला बसले. शबाना रत्नागिरीची. तू गेल्यावर इथं आखातात, आपल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातली तुझी खुर्ची तिला मिळाली, आणि आता तुझ्यासारखीच तीही कामानं पार थकून गेली आहे. तिलाही तोच तीन महिन्यांचा कार्यक्रम दिलाय: आधी दोन आठवडे पूर्ण विश्रांती, मग रोज फक्त बारापर्यंत काम, आठवड्यातून एकदा समुपदेशक.

"सेलिन तो छह हफ्ते में ठीक हो गयी थी ना?" कार्यक्रमाची कोऑर्डिनेटर म्हणाली. "इसको भी छह ही देते हैं."

मी होकारार्थी मान हलवली. ताई, मी याही वेळी मान हलवली!

तुला आठवतो तो फॉर्म? माझ्यासाठी त्यात एकच प्रश्न होता: वेळेवर घरी गेली का? रोजच्या रोज खूण करायची. आपला आठवडा रविवार ते गुरुवार; मी गुरुवारी दुपारी ‘हो’च्या पाचही खुणा एकदम करायचे, आणि तू तेव्हा मागच्या खोलीत फाईलींच्या ढिगाआड बसलेली असायचीस. ढीग मीच ठेवलेला.

"सुपरवायझर बाई, कागदावर मी वक्र्याला घरी पोचले का गं?" तू आतून विचारायचीस. वर वसईच्या सुकेळीचा, त्या वाळवलेल्या केळ्यांचा, डबा पुढे करायचीस. वयानं तू दहा वर्षांनी मोठी, हुद्द्यानं मी. मी हसायचे आणि एक तुकडा तोंडात टाकायचे.

एकदाच तू थट्टा केली नाहीस. "आज जाऊ दे ना गं. अक्षरं दिसत नाहीत मला."

"ऑडिट तेवढं होऊ दे ताई, मग खलास!" मी म्हटलं. तू चष्मा पुसलास आणि पुढची फाईल ओढलीस. त्या दिवशीची डायरी आज काढून पाहिली. लिहिलंय, ‘सेलिनताईंनी आज खूप मदत केली.’ मदत!

माझ्या त्या खुणा बघून दीड महिन्यात तुला बरी ठरवलं. पुढच्या वर्षी सुट्टीवर वसईला गेलीस आणि तिथंच तुझं हृदय थांबलं. त्याचा याच्याशी संबंध होता का? मला माहीत नाही. नसेलही. पण ‘नसेलही’ म्हणताना मला किती बरं वाटतं, त्याचीच लाज वाटते.

समुपदेशकाला तू तरी खरं का नाही सांगितलंस? मला सांभाळून घेतलंस का? बघ, अजूनही दोष तुझ्याकडेच सरकवते आहे.

रविवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे. कोऑर्डिनेटरसमोर तुझा जुना फॉर्म मागून घेईन आणि प्रत्येक खुणेपुढे स्वतःच्या हातानं ‘नाही’ लिहीन, खाली सही करीन. शबानाला तिचे तीन महिने पुरते मिळू देत. त्यानंतर मला या खुर्चीवर ठेवतील की नाही, ते त्यांनी ठरवावं. मान मात्र हलवणार नाही, ताई. हा शब्द तुला.

तुझी,
सुनीता
(‘बाई’ म्हणू नकोस आता.)