जागा सोडायची नाही

लिमरिक, आयर्लंड,
शुक्रवार, २२ मे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग घालायला तू समोर नाहीस, म्हणून बिनधास्त लिहितोय. इकडे सगळे खुशाल. भाऊजींचा गुडघा आणि तुझं पित्त यांची खबर रोज व्हिडिओ कॉलवर मिळतेच, तेव्हा त्याबद्दल विचारत नाही.

रोज बोलत असताना हा कागद कशाला काळा करतोय, असं तुला वाटेल. तुला पत्र लिहायचं काम खरं तर अण्णांचं. तू लग्न होऊन कोल्हापूरला गेलीस तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी सांगलीहून तुला त्यांचं पत्र. फेब्रुवारीत इथे माझ्याकडे आले तरी त्यांनी ते चुकवलं नव्हतं. एप्रिलपासून मात्र तुला पत्र नाही. उजव्या हातात अजून पेन ठरत नाही. म्हणून त्यांच्याच टेबलावर बसून, त्यांच्याच पॅडवर मी लिहितोय. अक्षराला हसू नकोस. चाळीस वर्षं चित्रकला शिकवणाऱ्या मास्तरांच्या पोटी हे अक्षर कसं आलं, हे त्यांनाही कधी उलगडलं नाही.

माझ्या ऑफिसातला संकेत सोमवारी पुण्याला निघतोय. रविवारी संध्याकाळी तो पत्र न्यायला येईल आणि तिथून तुला कुरिअर करेल. तू तीन जूनला इकडे यायला निघणार. त्याआधी हे तुझ्या हातात पडायलाच हवं.

अण्णा आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. शब्द येतात, पण एकेक. मधे बराच वेळ थांबावं लागतं. बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात आणि प्रत्येक शब्दाला ‘ग्रँड!’ म्हणतात. इथे ग्रँड म्हणजे भव्य वगैरे काही नाही. बरंय, चालतंय, काळजी नको, हे सगळं त्या एका शब्दात उरकतात. ईशानी आजोबांच्या शेजारी बसून तिच्या आयरिश इंग्रजीत शाळेतल्या गप्पा मारते आणि ते मराठीत ‘बरं’ म्हणतात. दोघांचं छान जमतं.

आता हॅल्बरीबद्दल. अण्णांनी मार्चच्या पत्रात तुला लिहिलंच असेल, त्यांनी तर त्या क्लबचा लोकरीचा गळपट्टाही चितारून पाठवला होता ना? हॅल्बरी टाउन म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या आपल्या मिरजेएवढ्या गावाचा फुटबॉल क्लब. एकतीस वर्षांनी वरच्या लीगमध्ये चढला. मे महिन्यात हे परत खाली जाणार, असं ऑगस्टमध्येच सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आमचा शेजारी डेक्लन, रिटायर्ड बस ड्रायव्हर, त्या क्लबचा जन्माचा भक्त, कारण त्याचे वडील तिथल्या कापड गिरणीत कामाला होते. ऑगस्टमध्ये तो माझ्याकडे मॅच बघायला येऊ लागला तो एकटं रडायला नको म्हणून. पण हे जिंकतच सुटले! नाताळात सहावे. मीही कधी नादाला लागलो ते कळलं नाही.

अण्णा आले त्या पहिल्याच रविवारी ते खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसले, आणि हॅल्बरीने गेल्या वर्षीच्या चॅम्पियनला हरवलं. पुढच्या रविवारी अण्णा सोफ्यावर बसले, तर हरले. तिसऱ्या रविवारी डेक्लनने स्वतः अण्णांना हाताला धरून खुर्चीत नेऊन बसवलं. त्याला नियम समजवावा लागला नाही.

नियम तुला मी सांगायला नको. जोडी खेळत असेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. तू सहा वर्षांची, शेवटच्या पाच ओव्हर, आणि अण्णा म्हणाले, ‘सुमे, हलायचं नाही.’ तू हलली नाहीस. मॅच जिंकलो आणि सतरंजी ओली! अण्णांनी ती स्वतः धुतली आणि गल्लीभर सांगत सुटले की विजय माझ्या लेकीमुळे. अजून ती गोष्ट काढली की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम काढली.

त्यानंतर खुर्चीत अण्णा आणि मैदानात हॅल्बरी, अशा पाच मॅच झाल्या. चार जिंकल्या, एक बरोबरीत. आणि मग बारा एप्रिल. त्या दिवसाचं तुला सगळं ठाऊकच आहे.

तुझ्या भावजयीची गाडी आली. उरलेलं उद्या.

शनिवार, सकाळी

ताई, काल यामिनीने विचारलं, “ताईंना लिहिलंस?”

“लिहितोय.”

“कुठपर्यंत आलास?”

“मार्चपर्यंत.”

“एप्रिल कधी येणार?” असं म्हणून ती भांडी लावायला लागली. सहा आठवडे ती माझ्याशी असंच बोलते. भांडत नाही, टोमणे नाहीत, ईशानीसमोर हसतेसुद्धा. फक्त नजर चुकवते. मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, “यामिनी, माझ्या बाळूने प्रसंगावधान दाखवलं म्हणून अण्णा वाचले गं.” ती म्हणाली, “हो ताई.” फोन ठेवला आणि मला म्हणाली, “आता तू सांगशील की मी?”

तू मावशीला सांगितलंस, पुण्याच्या काकांना सांगितलंस, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर माझा सत्कारच झाला. आणि त्याच भरवशावर तू ठरवलंस की अण्णांना परत नेत नाही, बाळूकडेच राहू दे, तो डोळ्यांत तेल घालून बघतो, व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज करून टाक. तो अर्ज इथे पॅडखाली आहे. मी भरलेला नाही.

एप्रिल लिहितो.

मॅच दोनची. यामिनी ईशानीला पोहायला घेऊन गेली होती. खोलीत मी, अण्णा आणि डेक्लन. हॅल्बरी एक गोलने मागे, मग बरोबरी. दुसऱ्या अर्ध्यात, एकसष्टाव्या मिनिटाला, दुसरा गोल झाला. मी आणि डेक्लन ओरडलो. अण्णा ओरडले नाहीत. मी वळून पाहिलं तर त्यांच्या उजव्या हातातला कप कलंडला होता आणि चहा मांडीवर सांडत होता. त्यांना ते कळत नव्हतं.

हे मी पाहिलं, ताई. मला दिसलंच नाही, असं स्वतःला सांगायचा खूप प्रयत्न केला, पण पाहिलं.

मी कप उचलला, पेपर नॅपकिनने मांडी पुसली. अण्णा काहीतरी बोलले. शब्द नव्हते ते, तोंडात भात असल्यासारखा आवाज. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि उठायला लागले. आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं. म्हणालो, “अण्णा, बसा, बसा. आत्ता नाही. जागा सोडायची नाही.” हसत म्हणालो गं. त्यांचंच वाक्य त्यांनाच परत करत होतो.

डेक्लन म्हणाला, “इज ही ऑल राइट, युवर मॅन?”

मी म्हणालो, “ही इज ग्रँड.”

पुढचा अर्धा तास आम्ही तिघं बसून होतो. मधे एकदा मी अण्णांकडे पाहिलं. त्यांची मान खिडकीकडे झुकली होती. डोळा लागला, असं मी मनाला सांगितलं. हॅल्बरी जिंकली.

शिट्टी वाजली आणि दार उघडलं. यामिनी आत आली, हातात ईशानीचा ओला टॉवेल. तिने अण्णांकडे एकदा पाहिलं, टॉवेल तिथेच टाकला, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “अण्णा, हसून दाखवा.” अर्धंच तोंड हसलं. अँब्युलन्स तिने बोलावली. वेळ तीन चोपन्न.

तुला मी हॉस्पिटलमधून सांगितलं ते असं: चहा पिता पिता त्यांना एकदम पक्षाघाताचा झटका आला आणि मी त्याच मिनिटाला फोन केला. हे तोंडातून कसं निघालं, माहीत नाही. तू रडत होतीस, आणि मला तुझ्या रडण्यात माझ्यावरचा राग नको होता.

पण डॉक्टरला खोटं सांगता आलं नाही. तिने विचारलं, “शेवटचं त्यांना व्यवस्थित कधी पाहिलंत? नेमकी वेळ हवी. त्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं.” मी म्हणालो, “दुसऱ्या गोलच्या आधी.” शेजारच्या नर्सने फोन काढला, गोलची वेळ शोधली आणि कागदावर लिहिली. तीन एकोणीस. मी त्या आकड्यांकडे बघत राहिलो. इंजेक्शनला उशीर झाला नव्हता, ते दिलं. पण नंतर मी विचारल्यावर डॉक्टरने खरं उत्तर दिलं: यात जितकं लवकर तितकं चांगलं, मिनिटामिनिटाने फरक पडतो. पस्तीस मिनिटांत किती फरक पडला, हे कुणीच सांगू शकणार नाही, असंही म्हणाली. ते मला बरं वाटलं, याचीही लाज वाटते.

आता एक गोष्ट माझ्या बाजूची. लिहिल्याशिवाय राहवत नाही. नियम अण्णांचा होता. मॅचचा नाद त्यांना माझ्यापेक्षा जास्त. मला सारखं वाटतं की ते उठायला गेले नव्हते, नुसते सावरून बसत होते. जागा सोडायची त्यांचीच इच्छा नसेल. तू त्यांना ओळखतेस. तुलाही असंच वाटतं ना?

उद्या चारला शेवटची मॅच. हॅल्बरीने बरोबरी जरी केली तरी पाचवा नंबर, आणि पुढच्या वर्षी युरोपातल्या स्पर्धेत. एकतीस वर्षांनी वर आलेला क्लब! मी टीव्ही लावणार नव्हतो. अण्णांनीच सकाळी बोट दाखवून विचारलं, “उद्या... डेक्लन?”

रविवार, सव्वासहा

संकेत लवकर आलाय. खाली चहा घेतोय. भराभर लिहितो.

अण्णा साडेतीनला काठी टेकत आले आणि थेट त्या खुर्चीत बसले. सहा आठवड्यांत तिच्यात कुणी बसलं नव्हतं. डेक्लन सोफ्याच्या कडेवर, टोपी हातात. यामिनी दारात उभी, हाताची घडी घालून. ती मॅच बघत नव्हती, मला बघत होती.

एक-एक. बरोबरी पुरेशी होती, पण समोरचे चढून येत होते. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला अण्णांनी काठी जमिनीला टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं. डेक्लनने ते पाहिलं आणि नजर गालिच्यावर वळवली.

“उठायचंय?” मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

मी म्हणालो, “उठा अण्णा.”

काखेत हात घालून उठवलं. पॅसेजमधून बाथरूमपर्यंत वीसएक पावलं, प्रत्येक पावलाला थांबत. त्यांनी बेसिनला हात टेकला आणि तेवढ्यात डेक्लनची आरोळी आली. घर हादरलं. ईशानी वरून धावत आली, “दे स्कोअर्ड! आजोबा, दे स्कोअर्ड!”

हॅल्बरीने गोल केला होता. खुर्ची रिकामी होती आणि गोल झाला. दोन-एकने जिंकले, पाचवे आले. डेक्लन अजूनही बाहेर अंगणात एकटाच गातोय.

आरशात अण्णा हसले. अर्ध्या तोंडाने, पण खदखदून. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू फुटलं. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग बराच वेळ ओठ जुळवत राहिले. मी वाट पाहिली. मला वाटलं, खुर्चीबद्दल काहीतरी गमतीचं बोलतील.

ते म्हणाले, “त्या दिवशी... मला... उठायचं होतं.”

आजारी पडल्यापासूनचं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य. चिडून नाही म्हणाले. नुसतं सांगितलं, आणि बेसिनचा नळ सोडायला लागले.

काल लिहिलेली माझी बाजू खोडणार होतो. खोडत नाही. मी कुठपर्यंत गेलो होतो ते तुला कळू दे.

अर्ज कोराच आहे. अण्णांना न्यायचं की ठेवायचं, ते तू इथे येऊन, त्यांना विचारून ठरव. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो, तेवढा दे. विमानतळावर मी येईन. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर यामिनीला पाठवतो. आणि त्याआधी तिला एक फोन कर. अण्णांना तिने वाचवलं, हे तिला अजून कुणीच म्हटलेलं नाही. मीही नाही.

वाचून झाल्यावरही म्हणवलं, तर तुझा,
बाळू