अण्णा, तुम्ही कशाने गेलात असं विचारलंय

प्रिय अण्णा,

तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. बोलायचं ते आपण गोठ्यातच बोलून घ्यायचो. पण गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसाने आपल्या ओसरीवर बसून, पेन उघडून मला विचारलं, "वडील कशाने वारले? वय काय होतं?" तेव्हापासून कँटीनच्या स्टोअरमध्ये पोती मोजतानाही तोच प्रश्न डोक्यात असतो. प्रश्न तुमच्याविषयीचा आहे, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आधी बातमी सांगतो. शेजारच्या नांदे गावात फ्लॅट घेतोय. चांद्याच्या आपल्या जुन्या घरात वाटण्या झाल्या, आणि आपल्या वाट्याला आलं त्यात आई, तुमची सून सारिका, मी आणि तुम्ही न पाहिलेली नात मावत नाही. कर्ज मंजूर होत आलंय. फेडता फेडता माझे केस पिकतील. मी मध्येच गेलो तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटावं आणि घर सारिकाकडे राहावं, म्हणून कर्जासोबत विमाही घ्या, असं बँकेने सुचवलं.

मला लगेच संशय आला. कुणी माझ्या भल्याचं बोलायला लागलं की मी आधी त्याच्या हाताकडे बघतो. ही सवय कुणाची, ते तुम्हाला सांगायला नको!

आठवतं का, बैलबाजारात मला घेऊन जायचात? बैलाच्या दाताला हात लावण्याआधी तुम्ही विकणाऱ्याला एकच विचारायचात, "याची खोड सांग." एखादा म्हणायचा, उजव्या बाजूने मारतो. एखादा म्हणायचा, पाण्यात बसतो. अशांशी तुम्ही पुढे बोलायचात. आणि जो म्हणायचा, खोडच न्हाई, त्याच्यापुढून तुम्ही मला हाताला धरून ओढत न्यायचात. "बिनखोडीचा बैल असता तर त्यानं कशाला इकला असता?" पुढे जमिनीचे दलाल गाडीवरून यायला लागले, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न.

विम्याचा माणूस तर इतका गोड बोलत होता की आईने त्याच्या चहात साखर कमी घातली. मी त्याला तुमचा प्रश्न विचारला. तो हसला. "खोड? सर, यात खोडच नाही."

तिथेच उठायला हवं होतं. पण तेवढ्यात त्याने तुमच्याविषयी विचारलं. मी खरं ते सांगितलं: वय एकोणपन्नास, भाताच्या खाचरात, छातीत दुखून. त्याचं पेन थांबलं. म्हणाला, "हे लिहिलं तर तपासण्या लागतील, हप्ता वाढेल. वृद्धापकाळ टाकू. कोण बघायला येतंय?"

एकोणपन्नासाव्या वर्षी वृद्धापकाळ, अण्णा! तुमच्या मिशीत तेव्हा पांढरा केस तरी होता का?

मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. आज माझ्या सोयीसाठी खोटं लिहिणारा हा माणूस, उद्या सारिका पैसे मागायला जाईल तेव्हा कुठे असेल? कागद ठेवून जा, म्हणालो. सहीसाठी त्याने पुढे केलेलं पेन मात्र त्याच्या हातात परत दिलं.

संध्याकाळी सारिका मेथी निवडत म्हणाली, विमा घेऊन टाका. खोटं कशाला बोलू, मला तिचाही संशय आला. म्हणालो, "माझ्या मरणाची तुला एवढी घाई?"

तिने मान वर केली नाही. "घाई न्हाई, भ्या हाय. तुमी गेल्यावर बँकवाले दारात आले तर पोरीला घिऊन मी कुटं जाऊ?" मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "आन म्हातारपण लिहू नका. अण्णांना म्हातारपण आलं असतं तर आपण कशाला भ्यालो असतो?"



दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर बँकेच्या हिंजवडीच्या शाखेत गेलो. कर्जाचं काम बघणाऱ्या मॅडमना विचारलं, या विम्याची खोड काय? त्यांनी विचारलं, घरी बैल आहेत का? मी म्हणालो, होते. मग त्या सांगत गेल्या. विमा सक्तीचा नाही, नाही म्हणालात तरी कर्ज अडणार नाही. हप्ता एकदम भरायचा, आणि तो कर्जात मिळवला तर त्यावरही व्याज. कर्ज उतरतं तशी विम्याची रक्कमही उतरते. जगलात तर हातात काही येत नाही. एवढ्या खोडी ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "आता तुमची खोड सांगा. लपवलीत तर तुमच्या बायकोला पैसे नाकारू शकतात."

मी तुमचं सांगितलं. आणि कुणालाच न सांगितलेलंही सांगितलं. पोतं उचलून जिना चढलो की माझ्याही छातीत आवळल्यासारखं होतं. मी त्याला पित्त म्हणतो. तुमच्यासारखंच.

एक विचारू? रागावू नका. त्या सकाळी आई दवाखान्यात चला म्हणत होती, आणि तुम्ही सोडा मागवलात. डॉक्टर लुबाडतात म्हणालात, आणि खाचरात गेलात. साऱ्या दुनियेवर संशय घेतलात अण्णा, एकदा तरी स्वतःच्या छातीवर घ्यायचा होता!

कागद मी माझ्या हाताने भरला. 'वडील, वय ४९, हृदयविकाराचा झटका.' शाळा सुटली तरी अक्षर अजून तुम्हाला आवडायचं तसंच आहे. हा शब्द मात्र लिहायला वेळ लागला. येत्या मंगळवारी छातीची तपासणी आहे. विमा मिळेल की नाही, हप्ता किती वाढेल, सांगता येत नाही. म्हणून सही करण्याआधी सगळ्या पानांची झेरॉक्स काढून घेतली आहे. तेवढा संशय राहू द्या.

तुम्हाला शब्द देतो. छातीत दुखलं तर सोडा मागणार नाही, सारिकाला हाक मारीन. आणि तुमच्या नातीसमोर उद्या कुणी असंच पेन उघडून बसलं, तर 'वृद्धापकाळ' हे तिला खरंखुरं लिहिता यावं, इतकं जगायची खटपट करीन.

तुमच्याच वळणाचा,
संदीप