छोट्या दांड्याला झेंडूची माळ

त्रयोदशी, मंगळवार

प्रिय हैबतराव,

कान्हूचा रामराम. तुमचा गुडघा कसा आहे, गिरजावहिनींचा खोकला थांबला का, आणि परसातला पडवळ यंदा कसा धरलाय तेही कळवा (पडवळाची चौकशी सहज केलेली नाही, पुढे ओघात येईलच). इकडे सगळं क्षेम आहे, जीप सोडून. फोनच करणार होतो, पण मुद्द्यावर आलं की नेमकी तुमच्या घरातली रेंज जाते. म्हणून वैशालीच्या गॅरेजात एका जुन्या टायरवर बसून हे लिहितोय. वैशाली कोण ते सांगतो, पण आधी जीपचं.

एकोणीस वर्षांपूर्वी ही जीप तुमच्याकडून नेली, तेव्हा गिअरशेजारचा छोटा दांडा दाखवून तुम्ही म्हणाला होतात, की हा ओढला की चारही चाकं ओढतात, पण हे ब्रह्मास्त्र आहे, संकटाशिवाय हात लावायचा नाही. मी लावला नाही. आगरातून मिठाच्या गोणी आणल्या, भर पावसात पेणच्या दवाखान्यात बाळंतिणी पोचवल्या, सगळं साध्या गिअरवर. दांड्याला मात्र दर दसऱ्याला हळद-कुंकू आणि झेंडूची माळ (मोठ्या गिअरला नुसतं एक फूल, त्यानं कधी मनाला लावून घेतलं नाही). नातवंडं त्याला शिवली की आमची काशीबाई हातावर चापट देते. आणि मी गावभर सांगत सुटायचो, की येऊ दे काय यायचं ते, आपल्याकडे फोर-व्हील आहे.

ते गेल्या शुक्रवारी आलं. खाडीच्या बांधाला खांड पडली, चांगलं बैलगाडी जाईल एवढं भगदाड. शेतात भात निसवलाय, आणि परवाच्या सर्वपित्रीच्या उधाणाचं खारं पाणी आत शिरलं की यंदाचं पीक तर गेलंच, वर तीन वर्षं जमीन हाताला लागत नाही, साऱ्या गावाची. बुजवायला दगड न्यायचा तर बांधावर गुडघाभर चिखल. ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केले आणि सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. मग काय! नारळ फोडला, मनात तुमचं नाव घेतलं आणि दांडा ओढला. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, पुढची दोघं लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी बसून राहिली, आणि खालून धाडकन आवाज आला. आमच्या गावातली सगळ्यांत जुनी बायजाबाई बांधावरून ओरडली, ‘‘कान्हू, तुजा देव काय पावला नाय रं!’’ अठरा माणसांनी ओढून गाडी रस्त्यावर काढली.

पेणच्या तीन मिस्त्रींनी भंगाराचा रस्ता दाखवला. चौथ्यानं वैशालीचं नाव सांगितलं, म्हणून जीप टेम्पोवर चढवून इथे आणली. काय बाई आहे! आयटीआय शिकलेली, डोलवीला कंपनीत दहा वर्षं कंत्राटावर फिटर होती, आता स्वतःचं गॅरेज. तिनं गाडीखाली सरकून, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा तुटका शाफ्ट हातानं नुसता हलवला आणि कान लावून सांगितलं, की क्रॉस गेलाय (शाफ्टच्या टोकाला अधिकच्या खुणेसारखं लोखंड असतं ते), आणि मागच्या डिफरन्शियलचे दातही म्हातारे झालेत. उघडलं तर तस्संच. नव्या क्रॉसच्या टोप्यांत सुईएवढ्या बारीक कांड्या असतात, त्या ती ग्रीसमध्ये एकेक उभी करत होती, आणि मी श्वास धरून बघत होतो. शेवटची टोपी बसेना. तिनं ठोकली नाही, शिवी दिली नाही, फक्त म्हणाली, ‘‘काका, चप्पल बघू.’’ हरवलेली कांडी माझ्या चपलेला चिकटलेली! मी साठीचा माणूस, त्या बाईला मनापासून हात जोडले. संध्याकाळपर्यंत मागची चाकं अशी फिरायला लागली, की जणू शोरूममधून आलीत.

मग ती पुढच्या बाजूला सरकली. आणि खालूनच म्हणाली, ‘‘काका, पुढं शाफ्टच नाय. कदी होता का?’’ जिथे तो बसायचा तिथे पत्र्याचं झाकण आहे, चार बोल्टनी आवळलेलं, निळा रंग दिलेलं.

हैबतराव, मी रागावलो नाही. खरं सांगतो, अर्धा तास जीपकडे नुसता बघत बसलो. एकोणीस वर्षं त्या बिचारीनं सगळं दोन चाकांवर केलं आणि मी हार दांड्याला घातले. डोळे भरून आले माझे. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा,
कान्हू

ता. क. – तो निळा रंग मी ओळखला. तुमच्या फाटकाचा आहे.

ता. क. दुसरा – वहिनींच्या पडवळाच्या मांडवाला मधोमध लोखंडी खांब आहे, दोन्ही टोकांना कसल्याशा फुलासारखं काहीतरी असलेला. जेवायला आलो की मी त्याच्यावर टोपी अडकवायचो. एकदा तर ‘खांब मजबूत आहे’ म्हणून तुमचं कौतुकही केलं होतं, आणि तुम्ही मला आणखी एक भाकरी वाढायला लावली होती. तो हवाय. आजच बसला तर उद्या दिवसभर दगड टाकता येईल.

ता. क. तिसरा – गावात मी शाफ्ट तुटला म्हणून सांगितलंय. मुळात नव्हताच, हे तुम्हा-आम्हा तिघांतच राहू द्या (बायजाबाईला संशय आहे, पण तिला सगळ्यांचाच असतो).

ता. क. शेवटचा – पूल ओलांडून मीच आलो असतो, पण तुम्ही जेवायला बसवाल, आणि पोट भरल्यावर माझ्याच्यानं कोणाकडे काही मागवत नाही. म्हणून पत्र घेऊन वैशालीच आलीय. तिच्या खांद्यावरचा बांबू मांडवाला. वेल ती सोडवून चढवून देईल, एक पडवळ तुटायचं नाही. तिला ‘बघू, उद्या सांगतो’ म्हणू नका. मुद्द्यावर आलं की तिचीही रेंज जाते.