मितालीची मर्जी

करावे गाव,
डिसेंबर १९९६

प्रिय प्राची,

ऑफिसात आपली टेबलं समोरासमोर, आणि ही बया पत्र कसलं लिहितेय, असं म्हणशील. पण तोंडावर बोलायला गेले की तू मितालीसाठी घेतलेल्या फ्रॉकची पिशवी उघडतेस आणि माझी वाचाच बसते.

काल ठाण्याच्या कोर्टात तू बाहेर बाकावर होतीस. आत काय झालं ते ऐक. कोर्टाने पाठवलेल्या बाई घर बघायला आल्या होत्या, तेव्हा सासूबाईंनी ओटीवरचे सुके बोंबीलसुद्धा लपवले होते. जणू वासावरून पोरीचं नशीब ठरणार! जज्जसाहेब मात्र भला माणूस. मला म्हणाले, बहीण आणि मेहुणे गेल्यावर त्यांची मुलगी तुम्हीच वाढवलीत, मग आता देता कशासाठी? तुमच्याकडे तिला काही कमी आहे का? आहे म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर देते कशाला? शेवटी ह्यांनीच उत्तर दिलं, मुलीचं कल्याण होईल. कोर्टाने पालक नेमलेत ते ह्यांना, त्यामुळे शब्द ह्यांचाच. मी नुसती मान हलवली. मीच तिला दत्तक घेऊ का, असं वकिलांना आधी विचारलं होतं गं. पोटची एक मुलगी असताना दुसरी दत्तक घेता येत नाही, म्हणाले. कायद्यालाही माझी दर्शनाच आडवी यावी!

मग साहेबांनी मितालीला जवळ बोलावलं. प्राचीताईंची मुलगी होऊन त्यांच्याकडे राहायला आवडेल का? सात वर्षांची पोर, खुशीत हो म्हणाली. साहेब हसले, हेही हसले. बाहेर आल्यावर माझा हात धरून विचारते कशी, "मावशी, राती झोपाला मी आपल्याच घरी येनार ना?" अगं, आमच्या गावात आया मासळी घेऊन बाजारात गेल्या की पोरं एका घरी जेवतात, दुसऱ्या घरी खेळतात, दिवसभर कुणाचीही लेक होतात. अंधार पडला की आपापल्या दारात. तिचा होकार तेवढ्यापुरताच होता. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, पोरं विसरतात. कोर्टात दिलेला शब्द फिरवून माझी शोभा करू नकोस.

सोमवारी निकाल. तुझ्यात बोट ठेवायला जागा असती तर बरं झालं असतं, निदान भांडले तरी असते. तू चांगली, स्वानंदराव चांगले, बेलापूरचं तुमचं घर चांगलं. नाही म्हणायला मला कुठे फटच ठेवली नाहीत. आणि मितालीला पढवून उलटं बोलायला लावणं माझ्याने होणार नाही.

राहिलीस तू. घेणाऱ्यानेच नको म्हटलं तर कोर्ट कुणाच्या ओटीत बळेच मूल घालत नाही. तुला मूल व्हावं म्हणून एकवीरेला तुझ्याबरोबर मीच नवस बोलले होते, आणि आज मीच तुझ्यापुढे पदर पसरते. सोमवारी साहेबांसमोर तू नाही म्हण, प्राची. मला जन्मभर माफ केलं नाहीस तरी चालेल.

अजून म्हणू देणार असशील तर तुझीच,
शालन